घरपट्टी वाढवून मागणारे शामरावभाऊ

रविवार, सकाळ. नव्या रस्त्याची पाहणी. हजर: वॉर्ड समितीची सचिव म्हणून मी, शिवणकाम करणाऱ्या शबानाबाई, त्यांचे शेजारी गुलाबभाऊ आणि शामरावभाऊ. बाकीच्यांकडे धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू होती.

शामरावभाऊंची ओळख एका ओळीत होते. स्वतःची घरपट्टी वाढवून मागणारा गावातला हा एकमेव माणूस.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराजवळचं. आमची गल्ली मुरमाची. पावसाळ्यात तिथे धानाची रोवणी करता आली असती. मग नगरपंचायतीत ठराव झाला. नव्याने मोजणी करायची आणि ज्या वॉर्डाची घरपट्टी जेवढी वाढेल, तेवढी वाढ त्याच वॉर्डाच्या रस्त्याला लावायची. मी हा ठराव घरोघरी समजावून सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मोजणीदार येण्याच्या आदल्या दिवशी सगळी गल्ली गरीब झाली. गुलाबभाऊंनी नव्या खोलीच्या फरशीवर धानाचं तणस पसरलं, बकरी बांधली आणि गोठा म्हणून मोकळे झाले. शबानाबाईंनी माडीच्या जिन्यापुढे सरपण रचलं. रस्ता सगळ्यांनाच हवा होता, पण शेजाऱ्याच्या घरपट्टीतून.

शामरावभाऊ मात्र टेपचं दुसरं टोक धरून मोजणीदाराबरोबर फिरत होते. "मागं संडास हाय साहेब, तो राह्यला. तो बी मोजा." कोंबड्यांचं खुराडं मोजायला मोजणीदाराने नकार दिला, तेव्हा भाऊ चिडले. "काऊन? त्याले टिनाचं छप्पर नाई का?"

तिथून ते गुलाबभाऊंच्या दारात. "या गोठ्यात पंखा हाय साहेब. बकरीले गर्मी होते."

"भाऊ, तुमचं माह्यं काय वैर हाय?" गुलाबभाऊ ओरडले.

"वैर नाई गड्या, रस्ता हाय."

हे ऐकून शबानाबाईंनी स्वतःच सरपण बाजूला केलं. "नाप लो साहेब. नाई तं हा म्हातारा चुलीत बी डोकावन."

गल्लीची घरपट्टी वाढली आणि भाऊंशी बोलणारे कमी झाले. गुलाबभाऊंनी तर त्यांना रामराम घालणंही सोडलं. "एवढा वाईटपणा कशाला घेता?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा भाऊ बोलले. बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात. मुलगा चंद्रपूरला. मूलच्या राइस मिलकडे त्याचं नेहमीचं काम असतं. येताना तो बापाला नाक्यावरच्या हॉटेलात बोलावतो, चहा पाजतो, गोळ्या-औषधं देतो आणि तिथूनच परत जातो. घरी येत नाही.

"गाडी खालून घासते म्हणते आपल्या गल्लीत," भाऊ म्हणाले. "नवी गाडी हाय न बाई. त्याचं बराबर हाय."

तर, पाहणी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंटचा स्वच्छ रस्ता. मी, शबानाबाई, गुलाबभाऊ, तिघांनीही काम पूर्ण झाल्याचं सांगितलं.

"नाई," शामरावभाऊ म्हणाले. "साइडचा मुरूम दबला नाई."

मी पाय आपटून पाहिला. दबला होता.

"नालीचं झाकण हालते."

गुलाबभाऊ झाकणावर उभे राहून दोनदा नाचले. हाललं नाही.

"मंग वळणावर गाडी वळन का?"

तेवढ्यात धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर, मागे ट्रॉली लावलेला, वळणावरून सहज निघून गेला.

"आता नखरे पुरे," शबानाबाई हसल्या. "पोराले फोन लावा. म्हणा, ये घरी जेवाले. सालन मी पाठवतो."

त्याचा नंबर माझ्याकडे होता. एक काम लगेच उरकेल म्हणून मी फोन काढला. भाऊंनी माझ्या फोनवर हात ठेवला.

"राहू द्या बाई. रस्त्यापाई येत नव्हता, ते ठीक होते. आता सांगतलं, आन् तरी नाई आला, तं..."

शबानाबाईंनी पदर सारखा केला. फोन तसाच माझ्या हातात होता.

गुलाबभाऊ खाली वाकले. रस्त्याच्या कडेवरून त्यांनी बराच वेळ तळहात फिरवला.

"इथी थोडं खरबडं हाय बाई," ते म्हणाले. "भाऊचं बराबर हाय. लिवा."

मी वाकून पाहिलं नाही. शेऱ्यात लिहिलं: काम बाकी आहे.