त्र्यंबकरावांची उंची वाढते

त्र्यंबकरावांनी फळ्यावर लिहायचं कबूल केलं, तिथेच सगळं बिघडलं.

वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या कारखान्यात गेटजवळ एक काळा फळा होता. त्यावर पूर्वी सुविचार असायचा. पण ‘वेळ अमूल्य आहे’ हे वाक्य सलग सात महिने तसंच राहिल्यावर मॅनेजरबाईंनी फळा स्टोअरकडे, म्हणजे स्टोअर सांभाळणाऱ्या त्र्यंबकरावांकडे सोपवला. त्यांनी ठरवलं, रोज मानवी शरीराची एक नवलाची गोष्ट लिहायची. (शरीर प्रत्येकाकडे असतंच, तेव्हा विषय कोणाला परका वाटणार नाही, हा हिशेब.) लहान आतडं जवळजवळ वीस फूट असतं हे वाचून पॅकिंगमधला धनेश दिवसभर पोट धरून हिंडला. तान्ह्या बाळाला मोठ्या माणसापेक्षा जास्त हाडं असतात, यावर कँटीनमध्ये वाद पेटला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्र्यंबकरावांना एवढा मान कधी मिळाला नव्हता.

शनिवारी त्यांनी लिहिलं: माणूस संध्याकाळपेक्षा सकाळी साधारण एक सेंटिमीटर उंच असतो.

क्वालिटी तपासणारा सॅव्हियो फळ्यासमोर थांबला.

“साहेब, हे मोजलं कोणी?”

“पुस्तकात आहे रे.”

“पुस्तकात तर आपल्या मशीनचं पण खूप काय काय लिवलंय. मोजमाप नाय तर आपली सही नाय.”

सही त्याला कोणी मागितली नव्हती, पण त्र्यंबकरावांना ते लागलं. रविवारी सकाळी, बाळकुमच्या घरात, ते पट्टी घेऊन बेडरूमच्या चौकटीपाशी उभे राहिले. या चौकटीवर त्यांच्या मुलाच्या, अद्वयच्या उंचीच्या खुणा होत्या, दर वाढदिवसाला एक. सहा वर्षांपूर्वी पोरगा बापाच्या वर गेला तेव्हा त्यांच्या बायकोने, हेमाताईंनी, तिघांनाही ओळीने उभं करून खुणा केल्या होत्या. आता अद्वय नोकरीला बंगलोरला. दिवाळीआधी घराचं काम काढलं तेव्हा हेमाताईंनी रंगाऱ्याला बजावलं होतं, “सगळं रंगव, पण या चौकटीला हात लावायचा नाही.” त्यामुळे नवा रंग आणि नवी लादी यांच्यामध्ये ती एकटीच जुनी राहिली होती.

त्र्यंबकरावांनी पट्टी डोक्यावर आडवी धरली, चौकटीवर बोट दाबलं आणि वळून पाहिलं. बोट त्यांच्या जुन्या खुणेच्या चांगलं दोन बोटं वर होतं.

सकाळ आहे, ते मनाशी म्हणाले. संध्याकाळी पुन्हा मोजलं. केसभर उतरले होते, बस्स.

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्र्यंबकराव वाढत होते.

आधी त्यांना बरं वाटलं (लग्नात हेमाच्या मामाने ‘मुलगा जरा टाचा उंचावून उभा राहू दे’ म्हटलं होतं, ते ते विसरले नव्हते). मग त्यांनी मोबाइलवर शोधलं. मेंदूच्या तळाशी मटाराएवढी एक ग्रंथी असते, म्हणे. ती बिघडली की माणूस वाढतो. हात वाढतात, पाय वाढतात, जबडा वाढतो. त्यांनी जबडा चाचपला. वाढल्यासारखा वाटला. संध्याकाळी बूट घट्ट झाले. सोमवारी पाणी घ्यायला वाकले आणि ओट्यावरच्या कपाटाच्या कडेवर कपाळ आपटलं. त्या कपाटाखालून ते वर्षानुवर्षं सुखरूप ये-जा करत होते.

त्या दिवशी जेवायला मटारची उसळ होती. त्यांच्या घशाखाली एक दाणा उतरला नाही.

“का हो, आवडते ना तुम्हाला?” हेमाताईंनी विचारलं.

“भूक नाही.”

त्यांना हेमाला सांगायचं धैर्य होत नव्हतं. आपल्यामागे हिचं कसं होणार, हा एकच विचार डोक्यात घोळत होता. गॅसचा नंबर लावण्यापासून सगळं आपण करतो. (खरं तर नंबर हेमाताईच लावत. त्र्यंबकराव सिलिंडर आल्यावर तो हलवून बघत.) वाढ कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ते वाकून चालू लागले. ऑफिसात मॅनेजरबाईंना वाटलं, पगारवाढ हवी असेल. सॅव्हियोने मालाचा नमुना तपासावा तसं दुरून निरखलं. हेमाताईंनी दोन दिवस तेल चोळलं आणि गुरुवारी धरून डॉक्टर मैथिलींकडे नेलं.

“पाठ धरलीय यांची,” हेमाताई म्हणाल्या.

त्र्यंबकरावांचा धीर सुटला. “पाठ नाही. डॉक्टर, मी वाढतोय.”

डॉक्टरांनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. “कुठे?”

“वर.”

मग त्र्यंबकरावांनी मटारासकट सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी त्यांना भिंतीशी उभं केलं, सरळ करायला दोनदा हनुवटी उचलली आणि आकडा सांगितला. “एकशे चौसष्ट. पूर्वी किती होती?”

नोकरीला लागतानाच्या मेडिकलचं कार्ड ते पाकिटात घेऊन आले होते. त्यावर एकशे सहासष्ट होतं.

“अहो, उलट कमी झालीय. वयानं होतं. आणि या वयात हाडं काही लांब होत नाहीत.” त्यांनी चिठ्ठीवर उंची लिहून दिली आणि ताठ चालायला सांगितलं.

त्र्यंबकरावांचं समाधान झालं नाही. डॉक्टरांची पट्टी चुकेल, पण घरची चौकट कशी चुकेल? घरी येताच ते हेमाताईंना म्हणाले, “तू उभी राहा बघू. तुझी खूण जागेवर असली की कळेल.”

हेमाताई चपला काढून उभ्या राहिल्या. त्र्यंबकरावांनी पट्टी धरली. पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग पलंगावर बसले आणि त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“अगं, तुलाही झालंय.”

“काय?”

“तू पण दोन बोटं वाढलीयस. माझं सोड, पण तुला नको होतं गं.”

हेमाताईंना एक क्षण नवऱ्याची खरंच माया आली. दुसऱ्या क्षणी त्यांची नजर खाली गेली.

“अहो, जुनी लादी न फोडता तिच्यावरच नवी बसवा, असं कोण म्हणालं होतं?”

“मीच. फोडाफोडीला सोसायटी परवानगी देत नाही ना.”

“आणि गणू सुताराला बोलावून सगळी दारं खालून का तासून घेतलीत?”

“लादी वर आली ना. घासत होती ती खाल...” त्र्यंबकराव थांबले.

“आपण नाही वाढलो,” हेमाताई म्हणाल्या. “जमीन वर आलीय. चला, आज परत मटारची उसळ केलीय, गरम करते.”

त्र्यंबकराव दोन वाट्या उसळ जेवले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी फळा पुसला आणि ताठ उभं राहून लिहिलं: चाळिशीनंतर माणसाची उंची हळूहळू कमी होत जाते.

मागून आवाज आला, “साहेब, हे मोजलं कोणी?”

त्र्यंबकरावांनी खिशातून जुनं कार्ड आणि नवी चिठ्ठी काढून दिली. सॅव्हियोने दोन्ही आकडे वाचले, त्र्यंबकरावांकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि खडू मागून घेतला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या कारखान्याने ते फळ्यावर वाचलं: ‘नमुना एक, स्टोअरवाले साहेब. दोन सेंटिमीटर कमी. पास.’ आणि खाली सही.