हद्दीपलीकडचा जान्या

रमणकाका दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधत. डावं आपलं, उजवं कराचीचं, अर्धा तास मागे. डहाणूच्या बाजारात चिकू निवडता निवडता उजवा हात वर करून म्हणत, "आत्ता तिकडं साडेनऊ. बराक उघडली असेल." चिकूवाली बिचारी बघतच राही.

पालघर जिल्हा नवा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. तलासरीकडच्या पाड्यावरचा जान्या गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. पाकिस्तानच्या गस्ती बोटीनं भर समुद्रात त्यांना पकडलं आणि जान्या कराचीच्या तुरुंगात गेला. काका त्याचे कोणीच नव्हते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, आमचे शेजारी, एकटे. पण दोन्ही सरकारांना अर्ज लिहीत आणि शुद्धलेखन मला तपासायला लावत.

त्यांचं म्हणणं एकच, "धरलंत ना? मग सांभाळा!" माणूस ज्याच्या ताब्यात, त्याच्या औषधपाण्याची जबाबदारी त्याची, मग धरलं जमिनीवर असो की खोल समुद्रात. आपल्या सरकारलाही ते सोडत नसत. "माणूस हद्दीबाहेर गेला की परका होतो काय, मास्तर?" माझ्या मुलीनं मांजराचं पिल्लू उचलून आणलं, तर तिलाही त्यांनी ठणकावलं, "धरलंस ना? मग सांभाळ!"

पुढे बरोबरचे खलाशी सुटून आले. जान्या आला नाही. तो इथलाच असल्याची खात्री गावाकडून तिकडे पोचलीच नव्हती. एका रविवारी काका मला त्याच्या आईकडे घेऊन गेले. लखमीबाई दारात तांदूळ पाखडत होती. जान्याचं नाव काढताच रडू लागली.

"माझीच चूक झाली. पोलीस विचारत आले, मला वाटला पोरानं चोरी केली. मी बोलले, असा कोनी आमचे घरात नाय."

पोलिसांना पाड्यावर सगळेच हे उत्तर देतात. तिचं काय चुकलं?

काका तिच्यासमोर जमिनीवर बसले. "बाई, तो कागद पुढं माझ्या टेबलावर आला. इथं येऊन खात्री करायची होती. मला उन्हाचा कंटाळा आला. 'असा रहिवासी नाही' हे मी बसल्या जागी लिहिलं."

इतक्या वर्षांत ते हे मलाही बोलले नव्हते. मला त्यांचा संताप आला, आणि कीवही.

काकांनी तिथंच तिचा नवा जबाब लिहून घेतला, लखमीबाईनं त्यावर अंगठा उठवला. "आता तरी येल ना तो?"

"माहीत नाही," काका म्हणाले.

"तुला पोरां किती?"

"कोणी नाही."

ती आत गेली आणि भाकरी घेऊन आली. "रोज त्याचे वाटनीची करते. आज तू खा."

काका एकेक तुकडा मोडून खाऊ लागले. भाकरी संपेपर्यंत ती समोर बसून राहिली.