कुर्लेबेटचा अठरा वर्षांखालचा संघ

जगात आजवर कुणालाही हरवता न आलेला एकच राष्ट्रीय युवा फुटबॉल संघ आहे, आणि तो कुर्लेबेटचा. आता त्या संघाचा एकही सामना पूर्ण झालेला नाही ही बारीकशी गोष्ट आहे, पण सांगितलेली बरी. कुर्लेबेट हा देश दिवसातून दोनदा बुडतो, आणि बुडालेला असताना तिथल्या माणसांचं वय वाढत नाही.

यात अवघड काही नाही. भरती आली की देश पाण्याखाली जातो. माणसं चुली, कोंबड्या आणि म्हातारीकोतारी घेऊन होड्यांत बसतात आणि गप्पा मारतात. ओहोटी लागली, जिला तिकडे सुकती म्हणतात, की देश वर येतो आणि माणसं उतरून पुन्हा संसाराला लागतात. आता जमीनच नाही तर देश नाही, देश नाही तर कायदा नाही, आणि कायदा नाही तर वय कुणी वाढवायचं? म्हणून वय फक्त सुकतीत धरतात. किनाऱ्यावरच्या माणसाच्या निम्म्याने म्हणा. गुडघे मात्र कुणाचं ऐकत नाहीत. ते भरतीही मोजतात.

त्यामुळे लवू कुबल हा राष्ट्रीय युवा संघाचा कप्तान सतरा वर्षांचा होता आणि त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. डावा पाय मात्र असा, की चेंडूला तो पाय लागला की चेंडू आपणहून विचारायचा, कुठे जाऊ.

खरं तर लवू एव्हाना केव्हाच प्रौढ व्हायचा. पण देशात अठराखालचे खेळाडू मोजून अकरा. एक जरी मोठा झाला तरी संघ मोडला, आणि संघ मोडला तर देशाला फुटबॉलच्या जगात कोण ओळखणार? प्रशिक्षक मिंगेल मास्तरांनी किनाऱ्यावरच्या महामंडळाकडे सामना मागून ठेवला होता आणि महामंडळ विचार करत होतं. महामंडळाचा विचार भरतीतही चालतो आणि सुकतीतही, तरी पुढे सरकत नाही. म्हणून मास्तरांनी लवूचं वय राखून ठेवायचं ठरवलं. सुकतीतसुद्धा त्याने होडीतच बसायचं, जमिनीला पाय लावायचा नाही. सरावाच्या वेळी होडी मैदानाच्या कडेला बांधायची आणि लवूने तिच्यात बसून चेंडू परत मारायचे. बाकीच्या दहा जणांची वयं मास्तरांना पुरेशी वाटत होती. एक तर ते उशिरा जन्मले होते, आणि दुसरं म्हणजे त्यांच्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं.

लवूवाचून मात्र एकीचं अडलं होतं.

देशाच्या टोकाला एक खडक आहे, तो कधीच बुडत नाही. त्याच्यावर सरकारी घंटा आहे. पाणी वाळूवर चढलं की घंटा वाजते आणि वयं थांबतात. पाणी उतरलं की पुन्हा वाजते आणि वयं चालू होतात. कुणी अठरा पूर्ण केली की दोन टोले. हे काम कुंदा टिकमचं. बापाकडून तिच्याकडे आलेलं. आता मेख अशी की खडक बुडत नाही, म्हणजे खडकावर देश कायम असतो, म्हणजे वयही कायम चालू. कुंदा आणि लवू एकाच पावसाळ्यात जन्मलेले, एकाच होडीत रांगलेले. ती घंटेवर बसली तेव्हा दोघं एका वयाची होती. आता सरकारी हिशेबाने ती त्याच्या दुपटीची झाली होती. लग्नाचा शब्द दोघांत झालेला, पण कायदा म्हणतो दोघं प्रौढ हवीत. ती कधीची होऊन बसली होती.

इतरांची वयं सांगायला कुंदाला पुस्तक उघडावं लागे. लवूचं तोंडपाठ होतं. त्याचे पाय ओले आहेत की कोरडे, हे बघत राहणं तिचं सरकारी काम होतं आणि त्या कामात तिने कधी कसूर केली नाही.

शेवटी महामंडळाने सामना दिला. त्या दिवशी सकाळी लवूने होडी खडकाला लावली, नेहमीसारखे दोन बांगडे वर फेकले आणि होडीतूनच बोलला. खडकावर त्याने कधी पाय ठेवला नव्हता. तिथे वय फार जातं.

"कुंदे, आज सामनो."

"म्हायत आसा. काल धरून खांब ठोकतत. माझी झोप गेली."

"माझा वय किती रवला?"

"पाच मिनटां. ती पण काटकसरीन वापरलंस तर."

लवूचं तोंड उतरलं. "म्हणजे पुरो सामनो नाय."

"पुरो नाय."

"मास्तर म्हणतत, डाव्या कडेक पाण्यातसून खेळ. पाय ओले आसले की वय धरत नाय."

"धरत नाय. कायदो आसा." कुंदाने बांगडे धुतले. मग पाठमोरीच म्हणाली, "आणि सामनो संपल्यावर? परत होडयेत?"

लवू वल्ह्याकडे बघू लागला. "मास्तर म्हणतत, आज बरे खेळलो तर दुसरो सामनो गावतलो."

"गावतलो हां. रे लवू, सरकारी हिशेबान मी आता तुझी मावशी लागतंय. आणखी थोडी वर्सा होडयेत बसलंस तर आजी म्हणून पाया पडूक येशीत."

लवूने वल्हं उचललं. त्याने होडी वळवली. सतरा वर्षांच्या मुलाला तेवढंच सुचतं.

किनाऱ्याचा युवा संघ लाँचमधून आला. खरोखरची कोवळी पोरं, एकाच्याही पाठीत कळ नाही. त्यांच्याबरोबर पंच नेरूरकर. शिट्टी गळ्यात, चपला हातात, चेहरा कायद्यासारखा. त्यांनी कुर्लेबेटचा संघ रांगेत उभा केला.

"यांचं वय?" गोलकीपरसमोर थांबून त्यांनी विचारलं.

"सोळा," मिंगेल मास्तर म्हणाले.

"डोक्यावर केस नाहीत."

"बेटार वारो लय."

नेरूरकरांनी बोट ओलं करून वर धरलं. वारा खरोखरच होता. ते पुढे सरकले. "आणि यांच्या मिशा?"

"लवकर फुटल्यो."

"पांढऱ्या फुटल्या?"

"खाऱ्या हवेन."

नेरूरकरांनी मान डोलावली. नियमात वय तपासायचं होतं, मिशी नव्हे. त्यांनी खडकाकडे बघून मोठ्याने विचारलं, "घंटावाल्या बाई, सगळे अठराखाली?"

"आत्ता आसत," कुंदा वरून म्हणाली.

सामना सुरू झाला. गोलाला मासेमारीचं जाळं लावलं होतं, त्यात सुकतीच्या पाण्यातली बोयरं, म्हणजे छोटे मासे, अडकून तडफडत होती, त्यांच्याकडे किनाऱ्याची पोरं खेळायचं सोडून बघत राहिली. तेवढ्या वेळात कुर्लेबेटने चेंडू मधल्या रेषेपर्यंत नेला. देशाची ती सर्वांत मोठी चढाई ठरली. मग पोरं भानावर आली आणि गोल करू लागली. पोरं भली होती. बेटाचा एखादा खेळाडू पडला की हात देऊन उठवायची. "काका, लागलं का?"

"काका कोणाक म्हणतंस रे मेल्या?" उजव्या बाजूचा बचावपटू कमरेवर हात ठेवून कण्हला. "तुझ्याच वयाचो मी."

"सॉरी, काका," पोरगा म्हणाला.

लवू डाव्या कडेला घोटाभर पाण्यात उभा होता. पाण्यातून धावणं म्हणजे स्वप्नात धावण्यासारखं. पाय चालतात, माणूस जागेवर. कधी एखादा चेंडू पाण्यात आला तर तो उचलून आत द्यायचा, आणि त्याने दिलेला चेंडू नेमका जायचा, पण तिथे कुणी नसायचं, कारण त्याचे सोबती धापा टाकत खेकड्यांच्या बिळांत अडकलेले असायचे. पाणी उतरत गेलं तशी पाण्याची कड लांब गेली आणि लवू तिच्यामागे गेला. मध्यंतराच्या सुमारास तो मैदानापासून इतका दूर होता की पंचांनी त्याला प्रेक्षक समजून लिंबूसरबत विचारलं. आत यायचं तर वाळू कोरडी. मधे दोनदा त्याला राहवलं नाही, तो धावत आत आला, आणि दोन्ही वेळा मास्तर किंचाळले, "लवू, वय जाता! पाण्यात!" आणि तो परत गेला. खडकावरून कुंदाने तेवढं वय उतरवून घेतलं.

मध्यंतरानंतर भरती लागली, पण वाळू अजून कोरडी होती आणि घंटा व्हायला अवकाश होता. पाणी लवूला घेऊन मैदानाकडे परत सरकू लागलं. किनाऱ्याचे गोल हाताच्या बोटांवर मावेनासे होत आले होते. मिंगेल मास्तर आता गोलाकडे बघतच नव्हते. त्यांचं लक्ष लवूच्या घोट्यांकडे होतं. असेच पाय ओले राहिले, देश बुडाला आणि सामना आटोपला, तर थोडंसं वय शिल्लक उरत होतं. दुसरा सामना असाच पाण्यातून खेळण्यापुरतं. मग पुन्हा होडी, पुन्हा अर्ज, पुन्हा महामंडळाचा विचार.

आणि तेवढ्यात किनाऱ्याच्या एका पोराने चेंडू मागे आपल्या गोलकीपरकडे दिला. गोलकीपर जाळ्यातलं एक बोयर सोडवत होता. चेंडू त्याच्याजवळून घरंगळत गेला आणि गोलापासून थोडा अलीकडे, कोरड्या वाळूच्या एका उंचवट्यावर, थांबला. लवू आणि चेंडू यांच्यामध्ये कुणीही नव्हतं. नुसती वाळू होती.

"लवू!" मास्तर ओरडले. "पाण्यात रव! जावं नको! दुसरो सामनो आसा!"

लवूने खडकाकडे बघितलं. कुंदा घंटेची दोरी धरून उभी होती. तिने मान हलवली नाही, हात हलवला नाही. सरकारी माणसाने तसं करायचं नसतं. फक्त ती त्याच्या पायांकडे बघत होती, जशी इतकी वर्षं बघत आली होती.

लवू पाण्यातून बाहेर आला.

कोरड्या वाळूवर धावायची त्याला सवय राहिली नव्हती. पाय हलके लागले म्हणून तो आधी दचकला, मग हसला, आणि मग पळाला. मास्तरांनी डोळे मिटले. डावा पाय चेंडूला लागला आणि चेंडू जाळ्याकडे निघाला, आणि तो रेषेवर असतानाच खडकावरून घंटेचे दोन टोले पडले.

कुर्लेबेटच्या इतिहासातला तो पहिला गोल. लवू दोन्ही हात वर करून नाचला, गोलकीपरला मिठी मारली, त्याच्या हातातल्या बोयराचा मुका घेतला. सगळा देश होड्यांत उभा राहून ओरडत होता. दोन होड्या उलटल्या. त्यांतली माणसं पाण्यातच पडली, म्हणून त्यांचं वय वाचलं.

नेरूरकर मात्र शिट्टी तोंडात धरून गुडघाभर पाण्यातून खडकाशी गेले.

"बाई, त्याने चेंडू मारला तेव्हा तो कोण होता?"

"पोरगो," कुंदा म्हणाली.

"आणि चेंडू रेषेपार गेला तेव्हा?"

"प्रौढ."

नेरूरकरांनी डोळे मिटून सगळे नियम आठवले. "मारणाऱ्याचं वय धरतात, चेंडूचं नाही. गोल मान्य. पण त्यानंतर जो नाचला तो इसम?"

"तो प्रौढ."

"म्हणजे युवा सामन्यात एक प्रौढ इसम परवानगीवाचून मैदानात शिरला आणि नाचला."

"तसाच दिसता."

"मला त्याला बाहेर काढावं लागेल."

"काढा," कुंदा म्हणाली. "मी बघतंय त्याचा."

नेरूरकरांनी परत येऊन लवूला लाल कार्ड दाखवलं. लवूने ते नमस्कार करून पाहिलं. दहा जणांनी पुढचा खेळ सुरू केला, पण पाणी आता वेगात चढत होतं. घंटा झाली, वयं थांबली, चेंडू तरंगू लागला आणि खांब दिसेनासे झाले. नेरूरकरांनी लाँचमध्ये उभं राहून निकाल दिला: देश बुडाल्यामुळे सामना अनिर्णित. किनाऱ्याची पोरं हात हलवत गेली. "येतो, काका!"

खेळाडू आपापल्या होड्यांत चढले. मिंगेल मास्तरांनी सवयीने लवूची होडी त्याच्याजवळ आणली आणि मग त्यांना आठवलं की आता त्याचं काही राखायचं उरलेलं नाही. ते नुसते वल्हं धरून बसले. डोळे पुसून म्हणाले, "बरो गोल मारलंस, झिला." 

लवूने होडी त्यांच्याकडेच सोडली आणि पोहत खडक गाठला. जन्मात पहिल्यांदा तो खडक चढला. वर कुंदाची झोपडी होती, चूल होती, सकाळचे बांगडे तळलेले होते. तो तिच्यासमोर उभा राहिला. अंगातून पाणी गळत होतं, छाती भात्यासारखी हलत होती, आणि वय भराभर जात होतं.

"कुंदे," तो म्हणाला, "आता मी अठराचो. आता लगीन करूया."

"अठराचो झिल माका मागणी घालता," कुंदा म्हणाली. "लोक काय म्हणतले?"

"तू म्हणशीत तितके दिवस थांबतंय. सांग, किती थांबू?"

कुंदाने त्याला पंचा दिला, दोरी खुंटीला गुंडाळली आणि बुडालेल्या देशाकडे बघत म्हणाली, "माका जितक्या थांबवलंस तितक्या थांब. आणि आधीच सांगतंय, तुझा थांबणा मी सुकतीतलाच धरतलंय."