‘येतो’ म्हणून मरणारा राक्षस

कराळदंष्ट्र राक्षस मरताना ‘येतो’ म्हणायचा आणि दिल्या शब्दाला जागून दोन मिनिटांत परत यायचा, एवढीच आमची अडचण होती.

ही हकिकत अक्षरशः खरी आहे. माझ्या छापखान्यावर हात ठेवून सांगतो. सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. फक्त पहिले चार महिने चष्मा तुटलेला होता, आणि शेवटच्या रविवारी मधली दहा मिनिटं मी भजी आणायला गेलो होतो. छापखानाही आता माझा नाही, मुलगा बघतो. पण हात ठेवायला तो अजून नाही म्हणत नाही.

बार्शीत कुलथ्यांचा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. रविवारी तो बंद असतो, म्हणून रविवारी अकरा वाजता आम्ही तिथे राक्षस मारायला जमायचो. गेमचं नाव ‘सप्तद्वार’. पहिली सहा दारं आम्ही वर्षभरात उघडली. सातव्या दाराला पाठ लावून सिंहासन, सिंहासनावर कराळदंष्ट्र, आणि त्याच्यासमोर आमची तीन वर्षं. तो एकट्यादुकट्याला मरत नाही. पाच जणांचा नोंदलेला गट लागतो.

गटात टँक होते खर्डेकर. राक्षसाचं लक्ष स्वतःवर ठेवायचं आणि सगळ्यांच्या वाटचा मार आपण खायचा, हे टँकचं काम. खर्डेकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही. त्यांच्या तोंडात कायम पान. माइकवर ते बोलत नसत. एक ‘उं’ म्हणजे डावीकडे व्हा, दोन ‘उं’ म्हणजे मागे सरका आणि लांब ‘उंऽऽ’ म्हणजे मी मेलो.

मेलेल्याला जिवंत करायचं काम शैलजावहिनी बुगड यांच्याकडे. त्या बालवाडीच्या बाई होत्या. पडलेल्याला उठवताना अजून म्हणायच्या, “काही नाही झालं, उंदीर पळाला.” तलवार चालवायचे डॉक्टर इनामदार, जनावरांचे. धनुष्य कुलथ्यांचं, कारण क्लास त्यांचा. मंत्र माझ्याकडे होते. लग्नपत्रिका छापून छापून मला संस्कृत चांगलं येतं. म्हणजे श्लोक येतात. दोन.

आमची पद्धत ठरलेली होती. खर्डेकरांनी राक्षसाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, म्हणजे त्याच्या तोंडातली आग भिंतीला लागते. त्याची ताकद अर्धी झाली की तो चार पिल्लं सोडतो. तेव्हा त्याला सोडून आधी पिल्लं आवरायची. शेवटी तो पिसाळतो आणि जमिनीवर लाल वर्तुळं काढत सुटतो. वर्तुळात जो उभा, तो खलास. वहिनी ओरडायच्या, “रांगोळीत पाय नको!” आणि आम्ही उड्या मारत बाहेर.

यात आम्ही इतके तयार झालो होतो की कराळदंष्ट्र दर रविवारी पावणेबाराला मरायचा. गदा भिंतीला नीट टेकवायचा, आम्हा पाचांकडे बघून हात जोडायचा आणि म्हणायचा, “बरंय मंडळी, येतो.” मग समोरच्या उंबऱ्यावरून बाहेर जायचा, वाड्याला वळसा घालायचा, मागच्या बाजूने येऊन सिंहासनावर बसायचा. अंगावर ओरखडासुद्धा नाही. सातवं दार बंदच.

मी कंपनीला पत्र लिहिलं. सवयीने सुरुवात ‘आमचे येथे श्रीकृपेकरून राक्षस वारंवार जिवंत होत असून’ अशी झाली, पण मुद्दा पोचला. उत्तर सतराव्या दिवशी आलं.

‘आपले पत्र मिळाले. सदर राक्षस मराठीतून उपलब्ध करून देण्यात आला असल्याने तो त्या भाषेच्या रीतीला बांधील आहे. इतर भाषांतही अशाच स्वरूपाच्या तक्रारी आहेत. हिंदीतील राक्षस “चलता हूँ” म्हणत असल्याने मरत नाही, फक्त चालत राहतो. इंदूरचा एक गट गेले आठ महिने त्याच्या मागे चालत आहे. इंग्रजीतील राक्षस “सी यू” म्हणतो व मेल्यावरही बघत राहतो. तरी आपण समजून घ्यावे. मृत्यूनंतर राक्षस एक तासापर्यंत सिंहासनावर न बसल्यास गट विजयी समजण्यात येईल.’

हे पत्र कुलथ्यांनी फ्रेम करून क्लासमध्ये लावलं.

असंच चाललं असतं. आमची काही घाई नव्हती. पण दिवाळीनंतर खर्डेकरांनी बंगळूरला मुलीकडे कायमचं जायचं ठरवलं. घर आवरलं, कपाटं वाटून टाकली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी साडेचारची बस. बातमी त्यांनी पान तोंडात असतानाच सांगितली, त्यामुळे आम्हाला ती कळायला वेळ लागला. कळली तेव्हा पुढचं वाक्य त्यांनी कागदावर लिहून दाखवलं: ‘दारापलीकडे काय आहे ते बघून जाईन म्हणतो.’

दोन रविवार हातात होते.

“साधी गोष्ट आहे,” डॉक्टर म्हणाले. “त्याला ‘येतो’ म्हणू द्यायचं नाही. ‘जातो’ म्हणायला लावायचं. म्हणाला की गेला.”

“तो कशाला म्हणेल?” कुलथे म्हणाले.

“मी म्हणवतो. म्हशीला इंजेक्शन देताना मी मालकाकडून काय काय वदवून घेतो, तुम्हाला काय माहीत?”

त्या रविवारी सगळं रीतसर पार पडलं. भिंत, पिल्लं, रांगोळी. पावणेबाराला कराळदंष्ट्राने गदा टेकवली. हात जोडायच्या आत डॉक्टर माइकवर म्हणाले, “काय साहेब, निघालात?”

“हो, निघायला पाहिजे.”

“मग सरळ ‘जातो’ म्हणा की. उगाच खोटी आशा कशाला?”

राक्षसाने विचार केला. त्याच्या कपाळावरची शिंगं जवळ आली. “तेही खरंच,” तो म्हणाला. “बरंय मंडळी. जा—”

“अहो, जातो म्हणू नये!” वहिनी म्हणाल्या. “येतो म्हणावं!”

“चुकलंच,” राक्षस म्हणाला. “येतो.”

खर्डेकरांनी इतका लांब ‘उंऽऽ’ केला की शेजारचे बघायला आले.

वहिनींनी हेडफोन काढून ठेवला. “तोंडातून निघून गेलं हो. पन्नास वर्षांची सवय. तो ‘जा’ म्हणाला आणि मला राहवलंच नाही.”

“वहिनी, तो राक्षस आहे,” डॉक्टर म्हणाले.

“म्हणून काय झालं? घरातून निघताना बोलत होता ना?”

कुलथ्यांनी कॉम्प्युटर बंद केले. खर्डेकर काही बोलले नाहीत, पण ते नेहमीच बोलत नसत, त्यामुळे राग आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. वहिनी दारापर्यंत गेल्या, चप्पल घातली, “येते हं,” म्हणाल्या आणि खर्डेकरांना विचारलं, लोणचं बसमध्ये सांडणार नाही अशी बरणी आहे का. मग बंगळूरच्या पाण्यावरून विषय निघाला. मग त्यांच्या नणंदेच्या गुडघ्यावरून. कुलथे शटर अर्धं ओढून, हात वर धरून उभे होते.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. “वहिनी, तुम्ही ‘येते’ म्हणालात त्याला बेचाळीस मिनिटं झाली.”

“अगंबाई! निघतेच.”

“तुम्ही अजून गेला नाहीत.”

“निघाले म्हटलं ना.”

“आणि आलाही नाहीत,” डॉक्टर हळूच म्हणाले.

आम्ही सगळे तिथेच थांबलो. कुलथ्यांच्या हातातून शटर सुटलं.

शेवटच्या रविवारी खर्डेकर सामानासकट आले. दोन बॅगा आणि लोणच्याची बरणी त्यांनी प्रिंटरशेजारी ठेवली. कराळदंष्ट्र पावणेबाराला मेला. “बरंय मंडळी, येतो,” म्हणाला आणि वळला. त्याचा एक पाय उंबऱ्याच्या बाहेर पडला, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “अहो भाऊजी, एक विचारायचं राहिलंच.”

राक्षस थांबला. एक पाय आत, एक बाहेर. कुलथ्यांनी एका तासाचं घड्याळ लावलं.

“एवढे दात तुमचे. किडत नाहीत का हो?”

“उजवीकडचा दुखतो,” राक्षस म्हणाला. “रात्री जास्त.”

“लवंग धरा.”

“धरली होती. वितळली. तोंडात आग असते ना.”

“डॉक्टर, सांगा की यांना काहीतरी.”

“मी जनावरांचा आहे,” डॉक्टर म्हणाले.

“आमचं चालतं,” राक्षस म्हणाला.

दातांना अकरा मिनिटं लागली. पिल्लांना नऊ. चारांतलं धाकटं जेवत नाही, नुसतं मोबाइल मागतं, असं निघालं. वहिनींनी त्याला भाताचे छोटे गोळे करून, एकेका पक्ष्याच्या नावाने द्यायला सांगितले. राक्षसाने नावं लिहून घेतली. मग गदा पुसायला खोबरेल तेल चांगलं की एरंडेल, यावर माझं आणि त्याचं थोडं वाजलं. त्यानंतर मी भजी आणायला गेलो. आलो तोवर नणंदेचा गुडघा संपत आला होता.

अठ्ठेचाळीसाव्या मिनिटाला वहिनी गप्प झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा असेल. त्यांनी आमच्याकडे बघितलं. मी कुलथ्यांकडे बघितलं. कुलथे म्हणाले, “टायपिंगबद्दल काही विचारायचंय का?” राक्षस म्हणाला, “नको.” त्याने दुसरा पाय उचलला. “बरंय, मग ये—”

खर्डेकर उठले, खिडकीशी गेले आणि पान थुंकून आले. त्यांचे दात आम्ही तेव्हा प्रथम पाहिले. त्यांनी माइक तोंडाजवळ ओढला.

“तुमचं मूळ गाव कुठलं?” त्यांनी विचारलं.

राक्षसाने पाय खाली ठेवला, उंबऱ्याच्या आत.

“आता सांगून काय उपयोग?” तो म्हणाला. “गाव धरणात गेलं.”

“कुठल्या धरणात?”

राक्षसाने धरणाचं नाव सांगितलं. खर्डेकर म्हणाले, “त्याची मोजणी मी केली आहे. वडाखालचं देऊळ तुमच्याच गावचं ना?”

“आमच्याच घरामागे होतं.”

“दगडी पायऱ्या. सात.”

“आठ. एक मातीत होती.”

“कागदावर सात लागल्यात,” खर्डेकर म्हणाले. “ती माझी चूक.”

यानंतर दोघेही गप्प बसले. ही शांतता चार मिनिटं चालली आणि नियमाप्रमाणे तीही तासात धरली गेली. मग राक्षस म्हणाला, “निघताना मी सगळ्यांना ‘येतो’ म्हणालो होतो. वडालासुद्धा. परत आलो तर नुसतं पाणी. तेव्हापासून जिथे ‘येतो’ म्हणतो तिथे येतो. चुकवत नाही.”

“बरोबर आहे,” खर्डेकर म्हणाले. “चुकवू नये.”

मग दोघांनी त्या गावातली घरं एकेक करून मोजली. देशमुखांचा सोपा, तेल्याचा घाणा, हौद. खर्डेकर नकाशावरचं सांगायचे, राक्षस आतलं. एकूण त्रेपन्न घरं. पन्नासाव्याला कुलथ्यांचं घड्याळ वाजलं, पण त्यांनी ते हाताने दाबून धरलं. उरलेली तीन घरं झाल्यावरच सोडलं.

पडद्यावर ‘गट विजयी’ असं आलं. सातवं दार उघडलं. आम्ही चौघे थांबलो, खर्डेकर एकटे आत गेले. दोन मिनिटांत बाहेर आले.

“काय आहे?” आम्ही विचारलं.

“खोली आहे. रिकामी. खिडकी चांगली आहे.” त्यांनी नवीन पान काढून तोंडात घातलं.

साडेचारच्या बसला आम्ही चौघेही गेलो होतो. बस सुटली तेव्हा खर्डेकर खिडकीतून ‘येतो’ म्हणाले.

पुढच्या रविवारी अकरा वाजता कराळदंष्ट्र आला. येतो म्हणाला होता, त्यामुळे आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. सिंहासनाला कंपनीने सील ठोकलं होतं, म्हणून तो उभाच राहिला. त्याला काम उरलं नव्हतं आणि आम्हाला टँक नव्हता. गेमचं नाव ‘सप्तद्वार’च ठेवून कंपनीने आठवं दार काढलं होतं, आणि त्यालाही परत पाच जणांचा गट लागतो. डॉक्टर म्हणाले, खर्डेकरांचं नाव कमी करून याचं घालू. कुलथ्यांनी अर्ज उघडलासुद्धा.

“थांबा,” राक्षस म्हणाला. “खर्डेकरसाहेब जाताना काय म्हणाले?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी म्हणालो, “येतो म्हणाले.”

“मग नाव कसं कमी करता?” तो म्हणाला. “माणूस येणार आहे.”

त्याने अर्जावर सही केली नाही. तेव्हापासून तो यादीबाहेर राहून आमच्या पुढे उभा राहतो, आमच्या वाटचा मार खातो आणि पाचवी खुर्ची पुसून ठेवायला सांगतो. वहिनी पुसतात. धाकटं पिल्लू आता चिमणीचा आणि मोराचा घास खातं, कावळ्याचा खात नाही.

यातला एकच भाग मी रचलेला आहे. खर्डेकर बसमधून ‘येतो’ म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडात पान होतं. त्यांनी नुसता हात केला आणि एकदा ‘उं’ केलं, आणि आम्ही चौघेही सवयीने डावीकडे सरकलो. बाकी सगळं घडलं तसं सांगितलं आहे. राक्षसाच्या कानावर मात्र हे घालू नका.