चौधरीबाईंचा गुरुवारचा तास

आमच्या कॉलेजच्या अध्यक्षांच्या शोकसभेला चौधरीबाई उभ्या राहिल्या नाहीत. अख्खा स्टाफ माना खाली घालून दोन मिनिटं स्तब्ध उभा, आणि ग्रंथालयाच्या ह्या बाई खुर्चीत बसून चष्मा पुसताहेत.

त्याचं कारण सकाळीच घडलं होतं. साक्रीकडचा गुलाब शिपाई धावत ग्रंथालयात शिरला होता.

"बाई, अध्यक्षसाहेब वारनात!"

"कुठून आणलं?" बाईंनी रजिस्टरातून मान वर न करता विचारलं.

"बठ्ठा सांगी ऱ्हायनात, बाई."

"बठ्ठे म्हणजे कोण? नावं सांग. पाहिलं कुणी?"

गुलाबला एकही नाव सांगता आलं नाही, म्हणून बाईंच्या लेखी अध्यक्ष जिवंत राहिले. ते खरोखरच जिवंत होते. नाशिकला हर्नियाचं ऑपरेशन करून पंधरा दिवसांनी ते जळगावला परत आले. त्यांना जिवंतपणी श्रद्धांजली वाहणाऱ्या प्राचार्यांना त्यांनी हसत हसत माफ केलं. मात्र बसून राहिलेल्या बाईंना कधीच केलं नाही. "आम्ही मेलो तरी त्यांना काही वाटणार नाही," असं ते पुढे बरीच वर्षं सांगत.

"कुठून आणलं?" हा बाईंचा प्रश्न सगळ्यांना सारखाच असे. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, यंदा केळीला भाव नाही, की बाई म्हणत, "कुठून आणलं?" कुणी म्हणालं, अमक्याची मुलगी पळून गेली, तरी तेच. अशा बाईजवळ कोण बसणार? त्या डबा ग्रंथालयातच खात, एकट्या. लग्न केलेलं नव्हतं. रावेरकडच्या केळीवाल्या घरातल्या होत्या, एवढंच आम्हाला माहीत. त्याहून जास्त कुणी विचारलंही नाही.

मी समाजशास्त्र शिकवायचो. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शंभर मार्कांचा प्रकल्प आला. आम्ही प्राध्यापक वैतागलो. एकट्या चौधरीबाईंना आनंद झाला. त्या स्वतः माझ्याकडे आल्या.

"सर, आठवड्याचा एक तास मला द्या. विषय तुम्ही शिकवा. शोधायचं कसं ते मी शिकवते."

माझा एक तास वाचत होता. मी गुरुवार देऊन टाकला.

तास ग्रंथालयात भरायचा. पहिल्या दिवशी बाईंनी एकच माहिती तीन पुस्तकांतून शोधायला लावली. तिन्हींत वेगळी निघाली.

"मग खरं कोणतं, बाई?" एका मुलाने विचारलं.

"हं. आता तास सुरू झाला," बाई म्हणाल्या.

पुस्तकामागची सूची कशी बघायची, कार्डांच्या कपाटात एका विषयाला किती दारांनी शिरता येतं, हे त्या शिकवत. टिपणं पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यांवर. एका बाजूला पुस्तक काय म्हणतं, पान क्रमांकासह. दुसऱ्या बाजूला आपली शंका. शंकेची बाजू कोरी दिसली की कार्ड परत. "हे काय, रेशनकार्ड आहे का?"

विषय तर त्या कांद्यासारखे सोलत. सरला पाटील नावाची एक मुलगी होती, पहूरच्या पुढच्या एका खेड्यातली. तिने 'ग्रामीण स्त्रीचे प्रश्न' असा विषय आणला.

"ग्रामीण म्हणजे कोणतं गाव? स्त्री म्हणजे कोण? नाव काय तिचं?"

सरलाने दोन गुरुवार नुसती कार्डं लिहून खोडली. तिसऱ्या गुरुवारी म्हणाली, "बाई, पाचवीला माझ्या वर्गात एकवीस मुली होत्या. दहावीला आम्ही चारच होतो. बाकीच्या गेल्या कुठे?"

बाईंनी स्वतःची खुर्ची तिला दिली आणि कपाटं उघडायला गेल्या.

सरलाने वर्षभर काम केलं. पुस्तकांत होतं, मुली लग्नामुळे शाळा सोडतात. ती घरोघर फिरली. तिला आढळलं की लग्न नंतर होतं. मुली दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचायला म्हणून थांबतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत शाळेत चल असं त्यांना कुणी म्हणतच नाही. प्रकल्प हाताने लिहिलेला, साधी शिलाई. बायकांचं बोलणं त्यांच्याच बोलीत.

बाकीच्या पोरांनी सोपा मार्ग काढला होता. धुळ्याला एक टायपिंगवाला तयार प्रकल्प द्यायचा, रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. एकाने चोपडा तालुक्यातल्या आपल्या गावावर असा प्रकल्प आणला. त्यात एक प्रकरण होतं, 'गावालगतच्या समुद्रकिनाऱ्यावरील मासेमारी'.

त्याला अडुसष्ट मार्क मिळाले. मीच दिले. सोनेरी अक्षरांच्या पुढे मी वाचलं नव्हतं.

सरलाला मी आधी बासष्ट दिले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी छत्तीस दिले. "भाषा गावंढळ, आणि ग्रंथांना खोडून काढायची हिंमत बघा!" ते ज्येष्ठ होते, माझ्या पीएच.डी.च्या समितीवर यायचे होते. दोघांच्या मार्कांत एवढा फरक दिसायला नको म्हणून मी बासष्टचे अडतीस केले. चाळीसला पास होतं.

निकालानंतर बाई दोन्ही प्रकल्प घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"चोपड्याला समुद्र कधी आला, सर?"

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. त्या हसल्या नाहीत. सरलाचा प्रकल्प माझ्यापुढे ठेवला.

"यात चूक कुठे आहे?"

"बाहेरच्या परीक्षकांचं म्हणणं असं पडलं..."

"तुमचं काय म्हणणं आहे?"

मी घड्याळ बघितलं, तास असल्याचं सांगितलं आणि उठलो. तास नव्हता. बाई तिथेच उभ्या होत्या.

पुढच्या वर्षी वेळापत्रकात जागा नाही म्हणून गुरुवारचा तास रद्द झाला. अध्यक्षांना बाईंवर राग काढायला निमित्तच हवं होतं. बाईंना गाइडं देण्याघेण्याच्या खिडकीत बसवलं. तास रद्द केल्याच्या कागदावर विभागाच्या वतीने माझी सही आहे. निवृत्तीपर्यंत बाई तिथेच बसल्या. माझ्याशी "इथे सही करा" यापलीकडे बोलल्या नाहीत. निरोप समारंभात शाल-नारळ देऊन भाषण मीच केलं. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.

पुढे काही वर्षांनी जामनेरच्या स्टँडवर कुणीतरी हाक मारली. सरला होती. हायस्कुलात शिकवत होती. मला वाटलं होतं, तोंड फिरवेल. तिने चहा घेतला.

"मी नापास झाल्यावर आप्पांनी शिक्षण बंद केलं होतं, सर," ती म्हणाली. "बाई एसटीने घरी आल्या. ओट्यावर बसून माझा अख्खा प्रकल्प आप्पांना वाचून दाखवला. आप्पांना वाचता येत नाही ना. ऐकायला बायका जमल्या. आमच्या शेजारची म्हातारी मध्येच म्हणाली, 'माह्यी तारा बी गेली व्हती ना, तिले कुठी लिहिलं?' बाईंनी लगेच पेन काढून ताराचं नाव घातलं."

"आणि आप्पा?"

"ते म्हणाले, 'पोरीनं यात खोटं काय लिहेल हाये?' बाई म्हणाल्या, काही नाही. 'मंग नापास कशी?' तर बाई म्हणाल्या, आमची चूक झाली."

आमची. मी चहाचा कप खाली ठेवला.

आप्पांनी सरलाला पुन्हा परीक्षेला बसू दिलं. त्या दिवशी बाई जेवायला थांबल्या. पंगतीत बारा-तेरा माणसं होती. बाईंनी सरलाच्या आईला हळूच विचारलं, "तुमच्याकडे रोज एवढी माणसं असतात जेवायला?" आईने त्यांचं माहेर विचारलं. बाई म्हणाल्या, आता तिथे कुणी राहिलं नाही.

"मग आईने आप्पांना सांगितलं," सरला म्हणाली. "पुढच्या आखाजीला आप्पा त्यांना आणायला मुऱ्हाळी म्हणून जळगावला गेले. लेकीला सासरहून आणतात तसे. बाई आप्पांपेक्षा वयाने मोठ्या! दारात आप्पांना बघून एवढंच म्हणाल्या, थांबा, कुलूप लावते. तेव्हापासून दर आखाजीला येतात. चार दिवस राहतात."

बावीस वर्षं आम्ही एका इमारतीत काढली. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सगळ्या बायका माहेरी जात, तेव्हा ग्रंथालय उघडं का असतं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

"करतात काय तिथे?" मी विचारलं.

"आमच्या निंबाला माहेरवाशिणींसाठी झोका बांधतात. आई त्यांना बसवते आणि मागून ढकलते. पहिली दोन वर्षं बाई पाय जमिनीला टेकवूनच बसायच्या. पडेन म्हणायच्या." जामनेर-पहूर गाडी लागली, तशी सरला पिशवी घेऊन उठली. "तिसऱ्या वर्षी उचलले."