शिदबा सरडा आणि सरकारी ऊन

एका जंगलात, मुलांनो, ऊन फुकट मिळायचं. गोष्ट फार जुनी आहे, म्हणजे ऊनखातं निघायच्या आधीची. तेव्हा सूर्य कुणालाही न विचारता उगवायचा आणि न विचारताच मावळायचा. हसू नका. तेव्हा तशीच पद्धत होती.

त्या जंगलात शिदबा नावाचा एक सरडा राहायचा. सागाचं रान दाट, पण मधोमध एक उघडा कातळ होता, पूर्वेकडे तोंड करून. शिदबा रोज सकाळी त्यावर पोट टेकून पडायचा. येणारेजाणारे म्हणायचे, काय आळशी प्राणी आहे. पण सरड्याचं रक्त थंड असतं, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. आपल्याला भाकरी खाल्ली की ऊब येते. त्याला ती उन्हातून आणावी लागते. अंग तापलं तर तो धावणार, धावला तर मुंग्या मिळणार, मुंग्या मिळाल्या तर जगणार. पौषातल्या एका सकाळी ऊन चुकलं, की शिदबाचा दिवसभर दगड व्हायचा.

दुसरी जागा नव्हती का? होती की. खाली माळरान होतं, तिथं ऊन रगड. पण तिथं वरून घार फिरायची. कातळाला एक भेग होती. घारीची सावली पडली की शिदबा भेगेत.

आणखी एक सांगायचं राहिलं. सरडा रंग बदलतो म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. शिदबा गारठला की काळा पडायचा आणि तापला की पिवळट व्हायचा. दरबारातली मंडळी सिंहमहाराजांचं तोंड बघून रंग बदलायची. त्यांना मात्र अनुभवी म्हणत.

तर एकदा सिंहमहाराज शेजारच्या जंगलात पाहुणचाराला गेले. तिथं त्यांनी सोलर पाहिलं. निळ्या काचेच्या पाट्या, त्यांवर ऊन पडलं की वीज तयार. धूर नाही, खडखडाट नाही, एक झाड तोडायला नको. त्या विजेवर पंप चालत होता आणि हौदात पाणी पडत होतं. पाडसांना आता मगरीच्या डोहावर जावं लागत नव्हतं. चीज चांगलीच होती, मी उगाच नावं ठेवणार नाही. महाराजांनाही ती आवडली. पण शेजारच्या सिंहाच्या गुहेत दिवा आहे आणि आपल्या गुहेत नाही, ही गोष्ट त्यांना जास्त झोंबली.

परत आल्याबरोबर त्यांनी ऊनखातं काढलं आणि त्यावर बगळेसाहेबांना नेमलं. साहेब पांढरेशुभ्र. एका पायावर उभे राहून डोळे मिटून विचार करायचे. डोळे उघडायचे तेव्हा समोरचा एखादा मासा कमी झालेला असायचा.

पहिला प्रश्न असा पडला, की जंगलात सगळ्यांत जास्त ऊन कुठं पडतं? साहेबांनी अख्खा मार्गशीर्ष तळ्याकाठच्या सावलीत यावर विचार केला. मग ते शिदबाकडे आले.

शिदबाला आभाळ ठेंगणं झालं. जन्मात कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. त्यानं भडाभडा सगळं सांगून टाकलं. ऊन कुठल्या बाजूनं चढतं, सागाची सावली कुठल्या महिन्यात कुठवर येते, दव कधी सुकतं. शेवटी छाती फुगवून म्हणाला, "साहेब, अख्ख्या रानात या कातळासारखं ऊन नाही."

साहेबांनी भर सभेत त्याचे आभार मानले, गळ्यात पानाफुलांचा हार घातला आणि चार दिवसांनी कातळावर पाट्या ठोकल्या.

पाट्यांच्या दोन रांगा होत्या, एक पंपासाठी आणि एक महाराजांच्या गुहेसाठी. उद्घाटन थाटात झालं. महाराज उन्हाच्या महतीवर बोलले, अर्थात सावलीत उभे राहून. पंप सुरू झाला आणि हौदात खरंच पाणी पडलं. हरणीच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिचं एक पाडस डोहावर गेलं होतं ते परत आलं नव्हतं. शिदबालाही बरं वाटलं. गुहेतला दिवाही लागला. फक्त दिवसाची वीज रात्रीसाठी साठवणारी बॅटरी आणायची राहून गेली होती. त्यामुळे दिवा दिवसभर जळायचा आणि अंधार पडला की विझायचा. दरबारी म्हणाले, वा, दुपारी काय लख्ख दिसतं.

दुसऱ्या दिवशी शिदबा भेगेतून बाहेर आला, तर वर आभाळाऐवजी पाटी. तो उन्हाची वाट बघत बसला. ऊन आलं, पण पाटीवर. तो खाली गारठत राहिला. शेवटी खुरडत खुरडत साहेबांकडे निघाला आणि पोचेपर्यंत दुपार टळली.

"साहेब, माझं ऊन गेलं."

"गेलं नाही, शिदबा. त्याचं रूपांतर झालं."

मग साहेबांनी शास्त्र समजावून सांगितलं. ऊन पाटीवर पडतं, त्याची वीज होते, वीज तारेतून जाते. तारेच्या टोकाला आपण शेगडी बसवू. शेगडी तापेल, तिच्यापुढं तू बसायचं. शिदबाचं डोकं थंडीनं हळू चालत होतं, पण चालत होतं.

"म्हणजे ऊनच ना, साहेब?"

"ऊनच. पण प्रक्रिया केलेलं. पाचातला एक हिस्सा उरतो, पण शुद्ध असतो."

बाकीचे चार हिस्से कुठं जातात, असं शिदबानं विचारलं. तो आपल्या खात्याचा विषय नाही, असं साहेब म्हणाले. शेगडी पावसाळा संपल्यावर येणार होती. तोवर शिदबानं धीर धरावा, असं ठरलं.

धीर पोटात घालून मुंग्या मिळत नाहीत. तीन दिवस शिदबा उपाशी राहिला. चौथ्या दिवशी उरलासुरला जीव गोळा करून तो पाटीवर चढला. काच छान तापली होती. पंपाच्या रांगेवर तो गेला नाही, कारण त्या पाण्यावर पाडसं जगत होती. तो गुहेच्या रांगेवर जाऊन पडला.

आता थोडं शास्त्र माझ्याकडूनही ऐका. पाटीतली घरं, म्हणजे काचेखालचे ते निळे चौकोन, एकामागं एक जोडलेली असतात. अरुंद वाटेवर एक बैलगाडी अडली की मागच्या सगळ्या अडतात, तसंच इथंही होतं. एवढ्याशा सरड्याची सावली एका घरावर पडली आणि रांगच्या रांग मंदावली. गुहेत महाराज पाहुण्यांना भर दुपारी दिवा दाखवत होते. तो मिणमिणला आणि विझला. पाहुणे नको तेवढ्या सभ्यपणे छताकडे बघायला लागले.

रानडुक्कर हवालदार होता. त्यानं शिदबाला शेपटीला धरून आणलं. आरोप ऊनचोरीचा. खटला गुहेच्या अगदी आतल्या दालनात चालला, जिथं उन्हाळ्यातही हुडहुडी भरते. आपली बाजू कशी मांडायची हे शिदबानं वाटेत जुळवलं होतं. पण दालनात पोचेपर्यंत त्याचा जबडा आखडला आणि अंग काळंठिक्कर पडलं.

"ऊन चोरलंस?" महाराजांनी विचारलं.

शिदबाच्या तोंडून शब्द फुटेना. यानं आमच्या रांगेला पायसुद्धा लावला नाही, असं हरणी मागून सांगायला लागली. तिला खाली बसवलं गेलं. बगळेसाहेब म्हणाले, "महाराज, याचं तोंड बघा. काळं पडलंय. आणखी पुरावा कशाला?"

शिक्षा काय द्यावी यावर महाराजांनी बराच विचार केला. त्यांचा सगळा जन्म सावलीत लोळण्यात गेला होता. त्यांना जगातली सगळ्यांत भयंकर गोष्ट एकच ठाऊक होती.

"याला माळरानावर न्या आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत उन्हात उभा करा. सावलीचं बोटही लागता कामा नये."

कैदी ही सरकारी ठेव. म्हणून हवालदाराला पहाऱ्यावर ठेवलं आणि कैद्याला काही झालं तर तुझं शेपूट उतरवीन, अशी ताकीदही दिली.

सकाळी सूर्य वर आला. घार आली, पण डुकराचे सुळे बघून निघून गेली. ऊन आधी शिदबाच्या पाठीवर आलं, मग पोटाखालची माती तापली, मग बोटं हलायला लागली. समोरून मुंग्यांची रांग चालली होती. शिदबा जेवला. त्याला रडू आलं. सरड्यांना रडता येतं की नाही मला माहीत नाही, पण शिदबाला आलं.

दुपारी बगळेसाहेब पाहणीला आले. शिदबा हळदीसारखा पिवळा झाला होता. साहेब खूश झाले. तोंडाचा काळेपणा गेला, अर्थात गुन्हेगार सुधारला. त्यांनी उरलेली शिक्षा तिथंच माफ केली. हवालदार जायला उठला. पलीकडच्या वठलेल्या झाडावर घार नीट सावरून बसली.

शिदबाचा जबडा आता मोकळा झाला होता.

"साहेब, खोटं बोलवत नाही," तो म्हणाला. "मी अजून सुधारलो नाही. ऊन दिसलं की माझ्या मनात पाप येतं."

बगळेसाहेबांनी एका पायावर उभं राहून डोळे मिटले, विचार केला आणि शिक्षा जन्मभराची करून टाकली.

तात्पर्य: सूर्य सगळ्यांना सारखंच ऊन देतो. पुढं त्यातून मागणाऱ्याला आश्वासन मिळतं आणि चोराला ऊन. तेव्हा मुलांनो, खूप शिका, मोठे व्हा आणि गारठून जीव जायच्या आत एखादा बरासा गुन्हा करा.