कार्यालयीन वेळेतली पाच मिनिटं

चिंचणीच्या खैरुन्निसाबी दीड वर्ष सरकारदरबारी पुरुष होत्या. त्यातले चौदा महिने त्या पुन्हा बाई होण्यासाठी अर्ज करत होत्या.

झालं होतं असं. वडील वारल्यावर चिकूची वाडी त्यांच्या नावावर चढली, तेव्हा सातबाऱ्यावर कोणीतरी 'खैरुन्निसा'च्या जागी 'खैरुद्दीन' लिहिलं. विहिरीवरच्या पंपाला वीजजोडणी मागायला त्या गेल्या, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "मालकाला पाठवा."

"मालक मीच."

"इथं खैरुद्दीन आहे. त्यांना घेऊन या, सही लागेल."

खैरुद्दीन कुठून आणणार? म्हणून त्या पालघरच्या एका कार्यालयात दुरुस्तीसाठी खेटे घालू लागल्या. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. पालघरचा जिल्हा झाल्यापासून कार्यालयांना तोटा नाही, आणि एकाचंच नाव घेतलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल. इकडे वाडीतली निम्मी झाडं पाण्यावाचून पिवळी पडत होती.

त्या दिवशीही त्या सकाळी दहाला बाकावर येऊन बसल्या. शेजारी जिवल्या होता. डोंगरावरच्या आपल्या जमिनीच्या तुकड्याच्या कागदासाठी तो सहा वर्षं येत होता, त्यामुळे बाकाच्या भिंतीकडच्या जागेवर त्याचा हक्क कोणी नाकारत नसे. एक वाजता खिडकीवर 'जेवणाची वेळ' अशी पाटी लागली. दोन वाजत आले तरी ती निघेना.

खैरुन्निसाबींची जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज राहिली होती. बाहेर जाऊन यावं, तर मधेच खिडकी उघडायची, आणि पुकारलेल्या नंबराला माणूस हजर नसला की तो नंबर शेवटी जायचा.

"जा बाय," जिवल्या म्हणाला. "तुजा नंबर मी बघतू."

त्यांनी नळावर हात-तोंड-पाय धुऊन वजू केला. जिन्याखाली जुन्या कपाटांच्या मागे एक कोपरा होता. नमाजेला तोंड पश्चिमेकडे हवं, म्हणून तिथं उभं राहून त्यांनी डबा धुवायला निघालेल्या प्रदीप कारकुनाला विचारलं, "भाऊ, समुद्र कुटल्या अंगाला हाय?"

प्रदीप समुद्रकाठच्या मुरब्याचा. झोपेतही समुद्र कुठे आहे ते सांगणारा माणूस. "तिकडं," म्हणून त्याने ओल्या डब्यानेच पश्चिम दाखवली. खैरुन्निसाबींनी पिशवीतली चटई पसरली, ओढणी नीट केली आणि नमाज पढल्या. पाच मिनिटं लागली.

त्यातली चाळीस सेकंदं धीरज नावाच्या एका तरुणाने मोबाईलवर टिपली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. दाखल्यासाठी तोही सकाळपासून बसला होता आणि कंटाळला होता. त्याने ती चाळीस सेकंदं 'जागरूक पालघर' या ग्रुपवर टाकली. रात्रीपर्यंत जिल्हा जागरूक झाला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात एकशे बारा तक्रारी आल्या. कार्यालयप्रमुख दमयंतीमॅडमनी सत्यनारायणाच्या वर्गणीची यादी बाजूला सारली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "सरकारी जागेत धार्मिक कृत्य? त्या बाईंना आजच नोटीस काढा."

प्रदीपने कागद चाळले. "मॅडम, अडचण आहे. व्हिडिओत बाई आहे. आपल्या दप्तरी या अर्जदार पुरुष आहेत."

"मग पुरुषाच्या नावे काढा."

"तक्रार बाईविरुद्ध आहे. पुरुषाला दिलेली नोटीस टिकणार नाही. वकील म्हणेल, माझा अशील खैरुद्दीन त्या दिवशी तिथं नव्हताच."

मॅडमनी विचार केला. "मग आधी त्यांना बाई करा."

चौदा महिने जिची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली नव्हती, ती दुरुस्ती दुपारी चारला झाली. सहा सह्या, तीन शिक्के. संध्याकाळी शिपाई दोन्ही कागद घेऊन चिंचणीला पोचला. खैरुन्निसाबींनी सातबारा उघडला आणि स्वतःच्या नावावरून बोट फिरवत राहिल्या. डोळे भरून आले.

"आजी, ही नोटीसपण आहे," शिपाई ओशाळून म्हणाला.

"ठेव तिथं. आदी चा घे."

सुनावणी सोमवारी झाली.

"नमाज का पढलात?" मॅडमनी विचारलं.

"वेळ झाली."

"पण इथंच का?"

"तुमीच इथं बसवलं होतं. घरी सोडलं असतं तर घरी पढले असते."

मॅडम प्रदीपकडे वळल्या. "पश्चिम दिशा दाखवण्याचे अधिकार तुम्हाला कोणी दिले?"

"मॅडम, त्यांनी समुद्र विचारला. मी समुद्र दाखवला. पश्चिम त्याच्यामागे आपोआप आली."

"या पाच मिनिटांत कार्यालयाचं काम बंद पडलं का?"

"नाही मॅडम," प्रदीप प्रामाणिकपणे म्हणाला. "ते आधीच बंद होतं."

हे वाक्य नोंदवायचं नाही असं ठरलं. खैरुन्निसाबींना समज देण्यात आली, आणि भिंतीवर परिपत्रक लागलं: कार्यालयात कोणीही प्रार्थना केल्याची तक्रार आल्यास, कारवाईसाठी संबंधिताची सर्व कागदपत्रं त्याच दिवशी तपासून पूर्ण केली जातील.

'त्याच दिवशी' हे शब्द बाकावरच्या लोकांनी तीनतीनदा वाचले.

जिवल्याने खैरुन्निसाबींना फाटकाशी गाठलं. "खैरूबाय, माना पन ती नमाज शिकव."

त्या हसल्या नाहीत. "नमाज म्हंजे अर्ज नाय, जिवल्या. मी कागदासाठी नाय पढले. पढायची होती म्हणून पढले. तुजा देव हाय ना? त्याला हाक मार."

जिवल्याला पटलं. मंगळवारी तो आपल्या बायकोला, कमळीला घेऊन आला. दोघांनी जिन्याखालच्या त्याच कोपऱ्यात तांदळाचे दाणे मांडले आणि आपल्या कुळातल्या हिरव्या देवाची आळवणी सुरू केली, चांगल्या चढ्या आवाजात. पाच मिनिटं नाही, पाऊण तास. खिडकीतून दोघं-तिघं डोकावले, हात जोडून परत गेले. तक्रार मात्र कोणी केली नाही.

शेवटी जिवल्यानेच धीरजला विनवलं. धीरजने चाळीस सेकंदं टिपली आणि त्याच ग्रुपवर टाकली. खाली ठळक लिहिलंसुद्धा: 'सरकारी कार्यालयात भर दुपारी प्रार्थना! हे चालतं का?'

चाललं. फुलं आली, जोडलेले हात आले. 'किती साधी माणसं!' 'आपली संस्कृती यांनीच टिकवली.' दमयंतीमॅडमनी स्वतःच्या मोबाईलवरून अंगठा पाठवला. एकही तक्रार आली नाही, म्हणून नोटीस निघाली नाही. नोटीस नाही, म्हणून फाईल उघडायचं कारण नाही. जिवल्याने स्वतःविरुद्ध तक्रारअर्ज लिहून नेला, तेव्हा प्रदीपने तो हळूच परत केला. "अरे, तक्रारीला भावना दुखावलेला माणूस लागतो. तुझ्या भावना दुखावलेल्या नाहीत."

"सहा वर्सां झाली, साहेब."

"त्या भावना वेगळ्या."

खैरुन्निसाबींच्या विहिरीवरचा पंप सुरू झाला. जिवल्या अजून सोमवार-मंगळवार भिंतीकडच्या जागेवर बसतो. त्याचा व्हिडिओ ग्रुपवर आहे, तुमच्याकडेही आला असेल. एकदा नीट बघा आणि कुठे काही दुखतंय का ते तपासा. फार नको, एकालाच दुखलं तरी पुरे. चार वाजेपर्यंत त्याचं काम होईल.